दुसऱ्या ताटाचं सोंग

कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट, बरं का. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक बहुरूपी राहायचा. आईबाप लहानपणीच गेलेले. गावातल्या कुंभारणीने त्याला आपल्या लेकाबरोबर वाढवलं. पुढे तिचा लेक राजाच्या फौजेत गेला, तो परत आलाच नाही.

दर बाजाराच्या दिवशी बहुरूपी चावडीपुढे सोंग काढायचा. गावाचा एक रिवाज होता. ज्याचं सोंग काढायचं, त्याच्या ओसरीवर आधी जाऊन बसायचं, "काढू का?" म्हणून विचारायचं आणि मगच तोंडाला रंग लावायचा. माणूस हसून म्हणे, "काढ बाबा, पण माझ्या दम्याचं तेवढं नको." बहुरूपी तेवढं गाळायचा. लोक गालात हसायचे, पसाभर धान्य द्यायचे आणि घरी जायचे.

एकदा घाईघाईत त्याने न विचारताच पाटलाचं सोंग काढलं. चारचौघांत मिशीला पीळ भरणारा पाटील घरी बायकोपुढे कसा चळचळा कापतो, ते हुबेहूब दाखवलं. आणि पाटील तर तिथेच बसलेला! मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खी चावडी दणाणली. पाटील मान खाली घालून उठून गेला.

बहुरूप्याने शेजारच्या तेल्याला विचारलं, "दादा, इतकी वर्षं सोंगं काढतोय, एवढे कधी हसला नाहीत. आजच काय झालं?"

"अरे, जे आम्ही मनात म्हणतो आणि बोलायला घाबरतो, ते तू भर बाजारात बोललास," तेली म्हणाला. "बघताना छातीत धडधडतं, पण बरंही वाटतं. आणि खरं सांगू का? दुसऱ्याची अब्रू निघत असली की आपली झाकलेली राहते."

त्या दिवसापासून बहुरूप्याने विचारणं सोडलं. कुणाची मोडलेली सोयरीक, कुणाचं तोतरं पोर, काही म्हणता काही सुटेना. पंचक्रोशीतून गाड्या जुंपून लोक येऊ लागले. पण मागच्या बाजारी ज्याला हसून हसून पोट धरावं लागलं, तोच या बाजारी जांभया द्यायचा. "आज जरा झणझणीत होऊ दे रे!" म्हणून ओरडायचा.

एका बाजारी त्याच्यापाशी नवं काहीच उरलं नाही. गर्दी उठू लागली. त्याने कुंभारणीसारखा डोक्यावर पदर घेतला, दोन ताटं मांडली आणि समोरच्या रिकाम्या पाटाला म्हणाला, "जेव ना रे राजा, भाकर गार होतेय."

कुंभारीण रोज आपल्या लेकाचं ताट वाढते, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. कडेला मडकी मांडून बसलेली कुंभारीण तेवढी हसली नाही.

सकाळी तिने गाढवावर बिऱ्हाड लादलं. बहुरूपी वेशीपर्यंत धावत गेला आणि त्याने तिचे पाय धरले. "मावशे, चुकलो गं. मार मला, पण जाऊ नको."

"तुझ्यावर राग नाही रे, लेकरा," ती म्हणाली. "पण आता ताट वाढायला घेतलं की मला ते हसणं ऐकू येतं. त्या हसण्यात माझा पोरगा जेवायला कसा येईल?"

आणि ती गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने.

पुढच्या बाजारी बहुरूपी रंग न लावताच चावडीपुढे उभा राहिला. सगळ्या गावाची माफी मागायची, असं ठरवून आला होता. गर्दी तर कधी नव्हे एवढी. त्याने हात जोडले, तोंड उघडलं, तेवढ्यात पुढे बसलेला तेली ओरडला, "अरे, म्हातारी गाव सोडून गेली, त्याचं सोंग काढ की आज!"

आणि त्याने काही करण्याआधीच लोक हसू लागले.

त्याने पुन्हा कधी सोंग काढलं नाही. महिनाभरात पलीकडच्या गावात दुसरा बहुरूपी निघाला आणि सगळ्या गाड्या तिकडे वळल्या.

बोध एवढाच: दुसऱ्याचं झाकलेलं दुःख उघडं पाडून हसणाऱ्यांची भूक कधी भागत नाही, आणि ती भागवायला निघालेला शेवटी आपलंच माणूस गमावून बसतो.