घाट चुकून आलं कुणी

"म्हणजे लोक इतकी वर्षं चुकीचंच गातायत. असंच ना, बाबा?"

मुलाणीबाबा डफाला ऊन दाखवत बसले होते. माघातल्या गारठ्यानं डफाचं कातडं सैल पडतं. कोवळ्या उन्हात थोडा वेळ धरलं की पुन्हा बोलायला लागतं.

आसावरीनं मोबाइल त्यांच्या कानाजवळ नेला आणि ध्वनिफीत परत लावली. खरखरीतून येमाजी शाहिरांचा आवाज वर आला…

दार लावू नको बाई, दिवा राहू दे दाराशी,
घाट चढून आलं कुणी, तांब्या ठेव गं हाताशी.

"ऐकलंत? चढून. घाट *चढून*. आणि अख्खं सोनकुंड गातं, घाट *चुकून*."

"ऐकलं की."

"मग?"

"आवाज झकास लागलाय शाहिरांचा. त्या दिवशी पडसं नव्हतं त्यांना."

आसावरीनं मोबाइल बंद केला.

सोनकुंड हे घाटमाथ्यावरचं गाव. गाव म्हणायला मोठं, शहर म्हणायला लहान. घाटाच्या तोंडाशी दोन रस्ते फुटतात, एक सोनकुंडला येतो आणि दुसरा सोनखेडला जातो. तिथली पाटी कधीकाळी एका वादळात पडली, ती कुणी उभी केली नाही. त्यामुळे परक्या गाडीनं फाटा चुकणं ही इथली नेहमीची गंमत.

येमाजी शाहीर याच गावचे. त्यांना जाऊन एक पिढी उलटली, पण त्यांची गाणी अजून ट्रॅक्टरवर वाजतात, हळदीला वाजतात, शाळेच्या सहलीत पोरं बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणतात. दर माघात गाव बाजारतळावर त्यांच्या नावानं गाण्याचा फड भरवतं. तिकीट नाही, पास नाही, मानाच्या खुर्च्या नाहीत. जो येईल त्यानं सतरंजीवर बसावं आणि ऐकावं. गावंसं वाटलं तर गावं. फड उघडतो तो याच गाण्यानं आणि मिटतो तोही याच गाण्यानं.

मुलाणीबाबा तरुणपणी शाहिरांच्या मागे उभे राहून झील धरायचे, म्हणजे गाण्याची ओळ खाली पडायच्या आत उचलून घ्यायचे. शाहीर गेल्यावर त्यांचा डफ बाबांकडे आला. आता बाबांची बोटं थरथरायची. यंदा डफ दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार हे गावात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

तो आपल्या हाती यावा, असं आसावरीला फार वाटे. इतकं, की ती त्याविषयी कधी बोलत नसे.

ती इथल्या ड्रॉइंगच्या जगदाळे मास्तरांची मुलगी. स्कॉटलंडला जाऊन लोकसंगीत शिकून आली होती. गेल्या वर्षी बाबांच्या अंगणात पहिल्यांदा येऊन उभी राहिली, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं होतं, "कशी आलीस, पोरी?"

तिनं सांगितलं. शिष्यवृत्ती. पदवी. त्या पदवीवरची पदवी. तिथं चालून आलेली नोकरी, ती नाकारताना प्राध्यापकांनी घातलेली समजूत, आणि आपल्या मातीतलं गाणं आपणच सांभाळलं पाहिजे म्हणून घेतलेला निर्णय… बाबांच्या हातातला चहा निवून त्यावर साय धरली.

"बरीच चढण झाली की," बाबा म्हणाले होते.

आणि त्यांनी तिला झील धरणाऱ्यांत उभं केलं होतं. मागच्या रांगेत. 'जी जी रं जी' म्हणायला.

ती वर्षभर ते म्हणत होती. मन लावून म्हणत होती. त्यात खोट काढता आली नसती.

"शाहिरांना माहीत होतं, लोक 'चुकून' म्हणतात ते?" आता तिनं विचारलं.

"व्हय. त्यांच्या देखतच सुरू झालं ते. ह्याच बाजारतळावर."

"मग ते काय म्हणाले?"

"पाणी प्याले."

"आणि?"

"पुढचं गाणं घेतलं."

आसावरी उठून उभी राहिली. बोलायचं असलं की तिला बसवत नसे.

"हा नुसता एका शब्दाचा प्रश्न नाही, बाबा. घाट चढून येणारा माणूस घाम गाळून आलेला असतो. त्याच्या कष्टाचा मान म्हणून त्याला पाणी. कष्टाचं गाणं आहे हे. तिथं 'चुकून' म्हटलं की सगळं तेजच गेलं. मग काय, कुणीही यावं, कसंही यावं…"

"व्हय," बाबा म्हणाले. "कुणीबी यावं."

"तुम्ही माझी चेष्टा करताय."

"फलकाची केली होती. तुझी न्हाई."

फलकाची गोष्ट गावात अजून शिळी झाली नव्हती. आसावरीनं वडिलांकडून एक देखणा फलक रंगवून घेतला होता: 'येमाजी शाहीर लोकसंगीत महोत्सव. प्रवेश विनामूल्य.' बाबांनी तो बराच वेळ वाचला, मग बाजारतळाच्या चारी बाजूंना पाहिलं. ना भिंत, ना फाटक. "ह्यो प्रवेश कुठनं म्हणायचा?" त्यांनी निरागसपणे विचारलं. लोक पोट धरून हसले. फलक वाया गेला नाही म्हणा. पाण्याच्या मोठ्या रांजणावर झाकण म्हणून तो अगदी बेतल्यासारखा बसला.

बाबांनी डफ उन्हातून काढला आणि मांडीवर घेतला.

"यंदा शेवटचं गाणं तू घे. शिकव लोकांना. समदा बाजारतळ 'चढून' म्हणाला, तर डफ तुझा."

आसावरी त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आणि नाही म्हणाला तर?"

बाबांनी कातड्यावर टिचकी मारली. डफ खणखणीत बोलला.

"तापला," ते म्हणाले.

फडाच्या दिवशी दुपारपासून बाजारतळ फुलून गेला. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून जीपा भरून माणसं आली. कुणी तुणतुणं आणलं, कुणी नुसता गळा आणला. कासारगल्लीतल्या बायकांनी अशी गाणी म्हटली की पुढच्या रांगेतले नवरे मागे जाऊन बसले. एका गवंड्यानं शाहिरांचा पाळणा म्हटला आणि मधेच कडवं विसरला. समोरच्या म्हातारीनं ते त्याला बसल्या जागेवरून पुरवलं.

उन्हं कलली. आसावरी मंचावर आली. मागे वळून बघते तर बाबा डफ घेऊन मागच्या रांगेत, झील धरणाऱ्यांत उभे.

"बाबा, तुम्ही मागे?"

"माझी जुनी जागा हाय ती."

तिनं माइक हातात घेतला आणि लोकांना सगळं सांगितलं. ध्वनिफीत ऐकवली. शाहिरांचा आवाज आला तसे लोक हात जोडून ऐकत राहिले. मग ती म्हणाली, "आज आपण शाहिरांचा खरा शब्द गाऊ या. चढून."

"ताई, परीक्षा हाय का काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नापासाला घरी पाठवणार का?"

"तुला पास झाल्यावर तरी कुठं जायचंय, दत्तू?"

हसण्याची लाट गेली. आसावरीही हसली, पण घाईनं. डफ वाजू लागला. तिनं ओळ टाकली.

पहिल्या खेपेला निम्म्या लोकांनी 'चुकून' म्हटलं आणि जीभ चावली. तिनं हात उंचावून पुन्हा सांगितलं. पुढच्या खेपेला जरा जमलं. आणि मग, एकदाचं, समदा बाजारतळ एका आवाजात म्हणाला, "घाट चढून आलं कुणी…"

आसावरीनं मागे पाहिलं. बाबा डफ वाजवत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं.

शब्द बरोबर होता. पण लोक ताठ बसले होते. टाळ्या थांबल्या होत्या. मघाच्या त्या कासारगल्लीतल्या बायका तिच्या ओठांकडे बघून म्हणत होत्या, पाढे म्हणावेत तशा… तिला ते दिसलं. दिसलं आणि तिनं ते बाजूला सारलं. सवयीचा प्रश्न आहे, पुढच्या वर्षी सरावतील.

आणखी एक फेरी झाली की गाणं पुरं. डफ तिचा.

तेवढ्यात भोंगा वाजला.

पिंपळाच्या वळणावरून एक बस आत आली. पुढच्या काचेवर झेंडूची माळ, टपावर आहेराच्या ट्रंका. फाटक नव्हतंच, त्यामुळे ती सरळ सतरंज्यांच्या कडेपर्यंत येऊन थांबली. खिडकीतून मुंडावळ्या बांधलेलं एक डोकं बाहेर आलं आणि एवढी माणसं बघून पुन्हा आत गेलं.

फेट्यातला एक घामाघूम गृहस्थ खाली उतरला. मंच, माइक, फुलांच्या माळा, सगळं डोळे भरून पाहिलं आणि हात जोडले.

"मंडळी, उशीर झाला, माफी करा. वरपक्ष हजर आहे. मोहितेंचा मांडव तो हाच ना?"

बाजारतळावरच्या सगळ्या माना बसकडे वळल्या.

"मोहिते सोनखेडचे हो," पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं. "हे सोनकुंड."

गृहस्थांचे जोडलेले हात तसेच राहिले. बसमधून एक बायकी आवाज आला, "मी म्हणत होते फाट्यावर डावीकडं घ्या. म्हणत होते की नाही?"

आणि मग समोरच्या त्या म्हातारीनं, जिनं गवंड्याला कडवं पुरवलं होतं तिनं, कुणी सांगितलं नसताना तोंड उघडलं.

"घाट चुकून आलं कुणी…"

पुढची ओळ तिला एकटीला म्हणावी लागली नाही. सगळा बाजारतळ उठून उभा राहिला. हसत, टाळ्या पिटत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत लोक गात होते. बस रिकामी झाली. वऱ्हाडाला आधी कळेना की ही थट्टा की पाहुणचार, मग करवल्यांनी ठेका धरला आणि तो प्रश्नच मिटला. रांजणावरून 'प्रवेश विनामूल्य' उचलून बाजूला ठेवला गेला. तांबे भरभरून हातोहात निघाले. नवरदेव एका हातानं मुंडावळ्या बाजूला धरून घटाघटा पाणी प्यायला, आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

आसावरी मंचावर माइक धरून उभी होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"ताई, तेवढा तांब्या पुढं द्या की," खालून कुणीतरी म्हणालं.

तिनं माइक ठेवला. तांब्या घेतला आणि खाली उतरली. बसच्या पायरीवर नवऱ्या मुलाची आजी बसली होती. उतरायचं बळ नव्हतं, पण मान ठेक्यावर डोलत होती. आसावरीनं तिच्या ओंजळीत पाण्याची धार धरली. म्हातारी प्याली, ओला हात तिच्या गालावरून फिरवला आणि म्हणाली, "गोड गातेस गं."

तेव्हा आसावरीला कळलं की आपण गातोय.

आणि काय गातोय.

मुहूर्त गोरजाचा होता, अजून गाठता आला असता. गावातल्या पोरांनी वाट दाखवायला मोटारसायकली पुढे काढल्या. फेटेवाल्या गृहस्थांनी जाता जाता सगळ्या बाजारतळाला जेवायचं आमंत्रण दिलं, आणि दत्तू खरंच बसमध्ये चढला.

भोंगा घाटात विरला. सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली.

बाबा मंचाच्या कडेला पाय सोडून बसले होते. डफ मांडीवर.

आसावरी समोर येऊन उभी राहिली.

"लोक 'चुकून' म्हणाले, बाबा."

"ऐकलं."

"…मीसुद्धा."

"तेबी ऐकलं."

तिनं वाकून नमस्कार केला आणि सतरंज्या उचलायला वळली.

"पोरी."

"जी."

"कशी आलीस?"

तिनं तोंड उघडलं. शिष्यवृत्ती, पदवी, त्या पदवीवरची पदवी… सगळं ओळीनं जिभेवर येऊन थांबलं. हातात रिकामा तांब्या तसाच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. थांबवता येईना.

"फाटा चुकले वाटतं, बाबा."

बाबांनी डफ उचलला आणि तिच्यापुढे धरला.

ती हसायची थांबली.

"पण… ठरलं होतं ते वेगळंच. मी तर हरले."

"तांब्या ठेव खाली. दोन्ही हातांनी धर," मुलाणीबाबा म्हणाले. "घाट चढून आली असतीस, तर दिला नसता."