हरताळाखालचे अक्षर

एकदा एका वृद्ध पोथीतज्ज्ञांनी माझ्या शिष्येला परिषदेच्या आदल्या दिवशी निबंध बाजूला ठेवायला लावला. तो दिवस मंगळवार होता की बुधवार, आणि तिच्या संगणकात बंद केलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी साधने, अकरा होती की चौदा, हे मी आता खात्रीने सांगू शकत नाही. माझ्या स्मरणावर माझाच पुरता विश्वास उरलेला नाही. पण मी त्या खोलीत होतो एवढे नक्की, कारण त्या निबंधावर मार्गदर्शक म्हणून माझी सही होती.

निबंध एका जुन्या वैद्यकाच्या पोथीवर होता. मूळ पोथी दूरच्या संग्रहात कुलूपबंद. शिष्येने तिची छायाचित्रे ब्राउझरमध्ये उघडून वर्षभर वाचली होती. इतर कोणत्याही प्रतीत नसलेले एकेक जास्तीचे औषध तिला या पोथीत एकेचाळीस ठिकाणी सापडले होते. दुसऱ्या दिवशी हे ती विद्वानांपुढे मांडणार होती. तिथे चूक निघाली असती, तर तिच्या पुढच्या कोणत्याही वाचनावर कुणी विश्वास ठेवला नसता.

अण्णांनी (आम्ही सारे त्या वृद्धांना अण्णाच म्हणत असू) निबंध चाळला, चष्मा काढला आणि विचारले, “तुझ्या त्या ब्राउझरात तुझ्याशिवाय आणखी कोण कोण बसलंय?”

ती गोंधळली. “म्हणजे एक्स्टेन्शन्स? आहेत थोडी.”

“नातसून सांगत होती, पान आणि वाचणारा यांच्या मध्ये ती बसतात म्हणून. एकेक दाखव. कुणी बसवलं, कशाला बसवलं, ते सांग. सांगता आलं नाही की बंद.”

तिने माझ्याकडे पाहिले. उद्याचे भाषण सोडून हे काय चालले आहे, ते मलाही कळेना.

“हे काय करतं?”

“साड्यांवर सूट कुठे आहे ते सांगतं.”

“घेतलीस का एखादी?”

“नाही.”

“मग बिचाऱ्याला कशाला जागं ठेवलंयस? बंद.”

भाषांतर करणारे गेले, हवामान सांगणारे गेले. एका ठिकाणी मात्र ती अडली. “हे राहू द्या, अण्णा. हे पानाचा रंग काढून अक्षर ठळक करतं. नाहीतर डोकं दुखतं माझं.”

“चहा होईपर्यंत दुखू दे.”

तिने ते बंद केले आणि पान पुन्हा उघडले. वर्षभर काळेपांढरे दिसलेले पान मातकट रंगात उजळले, आणि त्यावर जागोजागी पिवळे पट्टे होते. हरताळ. पोथी लिहिणारा चुकला की चुकीच्या शब्दावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि पुढे योग्य शब्द लिही. कालांतराने लेप विरळ झाला, खालचे अक्षर डोकावू लागले. रंग काढल्यावर लेप नाहीसा होई आणि खोडलेला शब्दही खराच वाटे.

तिने एकेचाळीसही जागा तपासल्या. चहा निवून गेला. चाळीस जागी लेप होता. एका जागी नव्हता.

“तुम्हाला कसं कळलं?” तिने विचारले.

“एवढ्या मोठ्या निबंधात हरताळाचा उल्लेख एकदाही नाही. एकदाही न चुकता पोथी उतरवणारा माणूस मी अजून पाहिला नाही, बाळ.”

मी तो निबंध दोनदा वाचला होता.

“ही सगळी उपटूनच टाकते आता,” ती म्हणाली.

“उपटू नकोस, बंद ठेव. तो लेखक चुकला म्हणून त्यानं पान फाडलं का? लेप दिला आणि पुढे लिहीत गेला. खालचं आजही दिसतं, म्हणून तर त्याचा प्रामाणिकपणा आपल्याला कळतो. उद्या कुणी विचारलं, चाळीस कशी चुकली, तर तेच सुरू करून दाखव. जे लागेल ते लागेल तेव्हा सुरू करावं. सोय वाईट नसते. ती सुरू आहे याचा आपल्याला विसर पडतो, तिथे घोटाळा होतो.”

दुसऱ्या दिवशी तिने पडद्यावर तेच पान दोन्ही रूपांत दाखवले. आपण चाळीस जागी कसे चुकलो, ते आधी सांगितले. मग उरलेले एक औषध मांडले. मागून कुणी पुटपुटले, “एकेचाळीसांतलं एकच राहिलं.”

अण्णा मागे न वळता म्हणाले, “पण ते तिचं आहे.”

पुष्कळ परिषदांना मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी टाळ्या ऐकल्या. त्या दिवशी टाळ्या थोड्याच पडल्या. पण ही माझी विद्यार्थिनी, हे मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना दोनदा सांगितले. त्यांनी विचारले नव्हते.

तरीही एक शंका मला पोखरत राहिली. त्या एका जागी लेप खरोखरच नव्हता की छायाचित्रात उतरला नव्हता? सहा वर्षांनी त्या संग्रहात जाण्याचा योग आला. परवानगी घेऊन मी ती एक जागा असलेले सत्ताविसावे पान खिडकीतल्या उन्हात धरले, आधी चष्मा लावून, मग काढून. शब्द काळा, स्वच्छ होता. त्यावर हरताळ नव्हता.