दोन चुलींचा नेम

“मग गेले तीन महिने पोटात गेलं तरी काय, बुवा?”

“शेंगदाणे. गूळ. कुणी ठेवली तर केळी.”

“आणि मी लिहून दिलेला आहार?”

सोमबुवांनी कोनाड्याकडे बोट केले. कागद तेथेच होता. उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवलेला. खाली नरहरने पाठवलेली तांदळाची पिशवी होती. तिची गाठही सुटलेली नव्हती.

नरहर उपळेकर पूर्वी सोमबुवांकडेच झाडपाला ओळखायला शिकला होता. आता तो नामांकित वैद्य होता. नाडी पाहून, जन्मगाव विचारून तो ज्याचा त्याला वेगळा आहार लिहून देई. एकाचा कागद दुसऱ्याला लागू पडत नाही, हा त्याचा अभिमान.

“तुमचा जन्म किनाऱ्यावरचा,” तो म्हणाला. “तुमच्या देहाला तांदळाचीच ओळख. सकाळी पेज, दुपारी मऊ भात, मीठ वर्ज्य. यात चुकलं काय?”

“काहीच नाही. अगदी बरोबर लिहिलंयस.”

“मग शिजवला का नाहीत?”

बुवांनी राखेने भरलेल्या चुलीकडे पाहिले.

मठ घाटमाथ्यावर होता. खालून येणारा भात खाणारा, वरून येणारा भाकरीचा. म्हणून चुली दोन. नेम मात्र एकच: आपल्या हातचे आपण खायचे नाही, आणि ज्याच्या हातचे खायचे त्याला आपण रांधून घालायचे. किनाऱ्याकडच्या सोमबुवांनी देशावरच्या सटवाबुवांसाठी भाकरी थापायची, आणि सटवाबुवांनी त्यांच्यासाठी भात रांधायचा. हा नेम कोठे लिहिलेला नव्हता. बहुधा म्हणूनच तो कधी मोडला गेला नाही. शेवटची बत्तीस वर्षे मठात हे दोघेच राहत.

माघात सटवाबुवा गेले.

“नेम दोघांचा होता, बुवा. आता तुम्ही एकटे आहात.”

“हो,” बुवा म्हणाले. “एकटाच आहे.”

“खालच्या वाडीतून ताट येतं ना?”

“येतं. पायरीवर ठेवतात नि निघतात. ‘बसा, तुम्हाला काय करू?’ असं म्हणेपर्यंत वळणापलीकडे.”

“मग त्या ताटाचं काय होतं?”

“कावळे जेवतात. प्रकृती उत्तम आहे त्यांची. नाडी बघतोस?”

नरहर हसला नाही. बुवांचे मनगट त्याच्या हातात होते; नाडी सापडायलाच वेळ लागला होता.

“असंच चाललं तर आषाढ दिसायचा नाही तुम्हाला. मी स्वयंपाकी पाठवतो.”

“माझ्या हातचं जेवेल तो?”

“तो कशाला जेवेल? घरून डबा आणेल.”

“मग नको.”

नरहरने घड्याळ पाहिले. तीनची एसटी चुकवून चालणार नव्हते. त्याने खांद्यावरच्या पिशवीतून आपला डबा काढला आणि वाटीत सातूचे पीठ घेऊन त्यावर पाणी ओतले.

“हे काय?”

“माझं जेवण. मला दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. अकरा वर्षं मी माझं सांभाळतोय.”

“तुझ्या स्वतःच्या कागदावर हेच लिहिलंयस?”

चमचा वाटीतच राहिला.

“नाही... जोंधळा. ताजी भाकरी. माझ्या प्रकृतीला तीच मानवते.”

“मग?”

“एकट्यासाठी परात काढावीशी वाटत नाही.”

बाहेर ऊन होते. 

मग बुवा भिंतीला धरून उठले. त्यांनी परात उतरवली, उपरण्याने पुसली.

“तिखट?”

“चालत नाही. तूपही नको.”

“बरं.”

त्यांनी चुलीजवळच्या डब्यातून जोंधळ्याचे पीठ घेतले. नरहरने वाकून वास पाहिला. पीठ ताजे होते.

“हे कधी दळलंत?”

“दर सोमवारी दोन मुठी दळतो.”

नरहरने डब्याचे झाकण लावले.

थापता थापता भाकरी गोल होत गेली.

दुसऱ्या चुलीत तीन महिन्यांची राख होती. नरहर तिच्यासमोर नुसताच उभा राहिला. मग त्याने बाह्या सारल्या, राख काढली आणि तांदळाच्या पिशवीची गाठ सोडली. त्याने कधी कुणासाठी भात रांधला नव्हता. तांदळाचे माप कागदावर होते. पाण्याचा अंदाज कागदावर नव्हता.

दोघे समोरासमोर बसले. नरहरने भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून खाऊ लागला. दुसरी भाकरी त्याने मागून घेतली.

“भात खाली करपलाय,” तो म्हणाला. “वर कणी राहिलीये. तुमच्या पोटाला हे...”

बुवांनी घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. नरहरने मान वर करून पाहिले.

“उद्या मीठ घाल,” बुवा म्हणाले. “चिमूटभर.”