वारं प्यालेलं इंजिन

मोटारींना वाचा होती तेव्हाची गोष्ट. जादा हवा आत कोंबणारा टर्बो बसल्यापासून एक इंजिन वारं प्यालेल्या वासरासारखं उधळायचं, आणि हवेचा दाब वाढला की गाडीतला जुना कंप्युटर त्याचं पेट्रोल तोडायचा.

"हा म्हातारा काढा!" इंजिन करवादलं.

मिस्त्रींनी नवा कंप्युटर आणला. तो जुन्याला म्हणाला, "आजोबा, हवा कितीही येऊ दे, मी मोजीन. पण हे इंजिन माझ्या ओळखीचं नाही."

"मला एवढी हवा मोजता येत नाही, म्हणून अडवायचो. त्याच्या खोडी मात्र सांगतो," म्हणत जुन्याने सगळं शिकवलं आणि तो गॅरेजातल्या फळीवर जाऊन बसला.

घाटात इंजिन सुसाट सुटलं. पिस्टन खडखडणार, तोच नव्याने दाब उतरवला.

"तूसुद्धा?"

"आजोबांनीच बजावलंय. दाब याच्या वर गेला तर तू स्वतःला जाळून घेशील."

गॅरेजात फळीखाली येताच, कुणीही न अडवता, इंजिनाने आपणहून आवाज खाली घेतला.

"आजोबा, पिस्टन शाबूत आहेत हो, तुमच्यामुळे," ते म्हणालं.