भागवत सरपंचाची ईश्वरचिठ्ठी

“मग सोळा वर्षांच्या लेकरांना गावाचा कारभार विचारायचा का, बाबा? तुम्हीच सांगा.”

गावाबाहेरच्या तकियात बुऱ्हाणबाबा फकीर सुपात डाळ निवडत बसले होते. समोर भागवत सोळंके. तरुणपणापासून तो बाबांचा चेला आणि गेल्या वर्षापासून गावचा सरपंच. आज बोलत होता तो सरपंच.

बाबांनी मान वर केली नाही. “काय मागतायत लेकरं?”

“शाळेच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढायचेत. उद्या ग्रामसभा आहे. ही म्हणतात, आम्हालाही सभेत बसू द्या. आमचे हात मोजू नका हवं तर, पण वर झालेले गावाला दिसू द्या.”

“मग?”

“मग काय? कायदा अठराचा आहे.”

“आधी एकवीसचा होता.”

“होता.”

“अठराचा झाला, त्यानंतरच्या पहिल्याच मतदानाला तू थेट इथं आला होतास. बोटावरची शाई दाखवायला.”

भागवत हसला. “आमचं वेगळं होतं, बाबा. आम्हाला समज होती.”

“एकवीसवाले तेव्हा काय म्हणत होते?”

भागवतनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सरपंच झाल्यापासून ही कला त्याला चांगली साधली होती.

“कच्चं वय आहे हो. कुणी भेळ चारली की त्याच्या मागं. मोबाइलवर काही दिसलं की तेच खरं.”

बाबांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“तुझ्या निवडणुकीची गोष्ट सांग,” ते म्हणाले. “पुन्हा एकदा.”

भागवत खुलला. ही गोष्ट सांगायला तो कधीच आढेवेढे घेत नसे. दोन्ही उमेदवारांना सारखीच मतं पडली होती. मग तहसील कचेरीत दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या बरणीत टाकल्या आणि ईश्वरचिठ्ठी काढायला साहेबांनी शिपायाच्या मुलीला बोलावलं. पोर बालवाडीतली. एका हातात बिस्किट. दुसरा हात तिनं बरणीत घातला आणि भागवतचं नाव बाहेर आलं.

“तिच्याही गालाला गुलाल लावला मी,” भागवत म्हणाला.

“साहेब होते ना तिथं? एवढे शिकलेले. त्यांनी का नाही काढली?”

“मोठ्या माणसाच्या हाताचा काय भरवसा, बाबा? लेकराच्या मनात कसं...”

तो थांबला.

बाबा डाळ निवडत राहिले.

भागवतला राग आला. बाबांचा नाही, स्वतःच्या जिभेचा. पण तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

“ते वेगळं. तिला कुठं काही ठरवायचं होतं? तिला वाचताही येत नव्हतं. काहीच कळत नव्हतं, म्हणून तर तिचा हात चालला.”

“हां... ज्याला काहीच कळत नाही, त्याचा हात चालतो. ज्याला सगळं कळतं, त्याचाही चालतो.”

“मग?”

“ज्याला नुकतं कळायला लागलंय, तेवढ्याचाच चालत नाही.”

भागवतनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“खरं सांगू, बाबा? गाळे झाले नाहीत तर गावात तोंड दाखवायला जागा नाही मला. आधीच म्हणतात, ह्याला गावानं कुठं निवडलं, चिठ्ठीनं निवडलं. एक काम तरी माझ्या नावावर पाहिजे. आणि लेकरांनी सभेत हात वर केले, तर त्यांच्या आया काय हात खाली ठेवून बसतील?”

हे मात्र जुना चेला बोलत होता. बाबांना त्याची कणव आली आणि त्यांनी ती लपवली नाही. सूप बाजूला सारून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या हातानं भागवतला धीर आला.

“मी कुठं त्यांना नाही म्हणतोय? दोन वर्षं थांबा म्हणतो, एवढंच. होतीलच की अठराची. मग कोण अडवतंय? खुशाल या आणि हात वर करा.”

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“लेकरं थांबतील, भागवता. तू तेवढं गाळ्यांना थांबायला सांग.”