कोंडाबाई आणि परगावचं बी

फार फार मागं, डोंगरमाथ्यावरच्या आंबेपठारात कोंडाबाई नावाची म्हातारी गावाचं बियाणं राखायची. पठारावर पिकायची ती खुरासणी. तिचंच तेल गावाच्या पोटात जायचं आणि तेच देऊन खालून मीठ-धान्य यायचं. एका वर्षी गुरं चारण्यावरून शेजारच्या करवंदवाडीशी मारामारी झाली, माणसं मेली. दगडू पाटलांनी बजावलं, "त्यांचा दाणा यायचा नाही, आपला जायचा नाही." मग कोंडाबाईला म्हणाले, "सगळ्यात जोरकस झाड निवड. त्याचंच बी गावभर करू." तिनं निवडलं. ते झाड पुरुषभर उंच होतं, असं म्हणतात.

सुरुवातीची एक-दोन सालं बरी गेली. पुढं झाडं दरसाल बुटकी होत गेली. फुलं पिवळीधमक, पण बोंडात दाणे पोचट. घाण्याचा बैल नुसताच फिरायचा. सातव्या वर्षी उपासमारीनं लहान पोरं जाऊ लागली. कोंडाबाईची नातही गेली. झाड तिनंच निवडलं होतं.

एकदा करवंदवाडीकडच्या बांधालगत तिला चार भरलेली बोंडं दिसली. तिकडच्या फुलांवरून मधमाश्या तिथवर येत होत्या. ती पाटलांकडे गेली.

"पाटील, आपली ही समदी झाडं एकाच आईची लेकरं. त्यांचीच त्यांच्यात लग्नं लावतोय आपण. कूस कशी उजवंल?"

"वाडीचं बी आणलंस, तर पुन्हा शिवेच्या आत यायचं नाही."

ती गेली. ज्यांची माणसं मारामारीत मेली होती, त्याच बायांनी तिची ओटी बियांनी भरली. परतल्यावर गावानं तिला शिवेवरच अडवलं. मग तिनं गावाभोवती शिवेलगतच ते बी पेरलं, पानांचं खोपटं घातलं आणि त्यात शिरणारी गुरं हाकलत राहिली. भर पावसात तिला कुणी भाकर नेली नाही. सुनेनंही नाही.

पीक फुलावर आलं, तेव्हा शिवेवरून मधमाश्यांचा लोट गावात शिरला. भर दुपारी रानावर सावली पडली, असं म्हणतात. त्या साली बोंडं टच्च भरली, आणि पुढच्या साली त्या बियांची झाडं छातीला लागली.

बोंडं भरलेली दिसताच पाटील अनवाणी तिला आणायला गेले होते. कोंडाबाई खोपट्यात बसल्या जागी केव्हाच थंड झाली होती. तिच्या अंगाखांद्यावर माश्यांनी पोळं बांधलं होतं, असं म्हणतात.

अजून दरसाल पेरणीआधी दोन्ही गावं शिवेवर जमतात आणि मूठमूठ बी एकमेकांना देतात. मूठ कुणाची, हे विचारायचं नसतं. पहिली मूठ पाटलांच्या घरातलं माणूस मातीत टाकतं आणि म्हणतं, "बाई, आम्हाला उशीर झाला."