मर्यादा कधी वाढवावी

"दाबू का नको, अप्पा?"

विरूपाक्ष म्हेत्रे मठाच्या पायरीवर बसला होता. हातात मोबाइल. अंगठा काचेच्या वर, अधांतरी.

अप्पा ओट्यावर मेथी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "काय दाबायचंय?"

"बटन."

"कशाचं?"

"क्रेडिट कार्डाचं. लिमिट वाढवायचं बटन."

अप्पांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मला एकच बटन माहीत आहे. विहिरीवरच्या मोटारीचं. दाबलं की पाणी येतं. ह्यानं काय येतं?"

विरूला वाटलं, अप्पांना हे कळायचं नाही.

हा मठ सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत. लहानसाच. चार खोल्या, एक विहीर, एक गाय. अप्पांचं पूर्ण नाव फार जणांना ठाऊक नाही. बाळाचं नाव काय ठेवावं इथपासून भावाशी बोलावं की नाही इथपर्यंत लोक त्यांना विचारतात. अप्पा बहुतेक वेळा उलट काहीतरी विचारतात.

विरू त्यांचा जुना शिष्य. यंत्रमागाच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचा. हुशार. त्याची खोड एकच. उत्तर आधीच ठाऊक असलं तरच तो प्रश्न विचारायचा.

त्याची बायको अंबिका विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. मठात आल्यावर ती अप्पांच्या पाया पडली होती, पण नवऱ्याशी सकाळपासून बोलली नव्हती.

"दाखव बघू तुझं बटन," अप्पा म्हणाले.

त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरला. बँकेचं अॅप मराठीत होतं. अप्पा एकेक अक्षर लावून वाचू लागले.

"मर्यादा... वाढवा."

ते थांबले. पुन्हा वाचलं. चेहरा उजळला.

"अंबव्वा! अगं, इकडे ये. बघ, बँक ह्याला काय सांगते!"

अंबिका आली, वाकून बघितलं, आणि तिला एकदम हसू फुटलं. तोंडाला पदर लावूनही ते थांबेना.

"शहाणी बँक आहे," अप्पा म्हणाले. "मी वीस वर्षं हेच सांगत आलो. माझं ऐकलं नाही."

"ती मर्यादा नव्हे अप्पा," विरू कानापर्यंत लाल झाला. "पैशाची मर्यादा. बँक किती उधार देईल, त्याची."

"हां... ती." अप्पांचा जरा हिरमोड झाला. "मग हे दाबलं की काय होतं?"

"बँक माझ्याकडे बघते."

"कुठून?"

"सगळीकडून. पगार किती, आधीची बिलं वेळेवर भरली का, आहे त्यातलं किती वापरलं. मग ठरवते, वाढवायची की नाही."

"आणि तुझं म्हणणं, मी सांगावं."

"तुम्ही गुरू आहात."

"बरं." अप्पांनी मान डोलावली. "मग दाबू या."

आणि मेथीनं हिरवं झालेलं बोट त्यांनी सरळ काचेकडे नेलं.

विरूनं झडप घालून मोबाइल ओढून घेतला.

"आत्ता नको!"

"का रे?"

"मागच्या महिन्याचं बिल उशिरा भरलंय अप्पा! कार्ड जवळजवळ पूर्ण वापरलेलं आहे. पुढच्या महिन्यात मी नवीन कंपनीत लागतोय, तिथे पगार वाढणार, पण त्याची स्लिप अजून हातात नाही. आत्ता मागितलं तर बँक नाहीच म्हणणार. आणि एकदा नाही म्हटलं की पुन्हा मागायला कित्येक महिने थांबावं लागतं. आधी कार्डावरची बाकी फेडायची, मग दोनतीन पगार जमा होऊ द्यायचे, मग..."

तो बोलता बोलता थांबला.

गायीनं शेपटी हलवली.

"तुला ठाऊक होतं," अप्पा म्हणाले.

"...होतं."

"मग मला काय विचारत होतास?"

विरू पायरीच्या दगडाकडे बघत म्हणाला, "तुम्ही दाब म्हणाला असता, तर मी दाबलं असतं."

"आणि बँक नाही म्हणाली असती तर?"

"तर... अप्पांनी सांगितलं होतं, असं म्हटलं असतं."

अप्पा असे हसले की मांडीवरची मेथी खाली सांडली.

"म्हणजे लिमिट तुझी, आणि नकार माझ्या नावावर! वा रे शिष्या!"

विरूलाही हसू आलं. त्यानं ते दाबलं.

"घाई कशाची आहे, ते सांगितलं नाहीस," अप्पा मेथी गोळा करत म्हणाले.

विरूनं मोबाइल खिशात घातला.

"मी सांगते," अंबिका म्हणाली. ती खाली बसली आणि अप्पांबरोबर मेथी वेचू लागली. "बाबांची सत्तरी केली आम्ही. हॉटेलात जेवण होतं. सगळे होते. माझी बहीण, तिचा नवरा नागेश, काका, आत्या. बिल आलं, तर हे उठले. म्हणाले, आज मी देणार. कुणी सांगितलं नव्हतं."

"जावई आहे. देणारच," विरू पुटपुटला.

"कार्ड लावलं. मशीन नाही म्हणालं. पुन्हा लावलं. पुन्हा नाही. वेटर हळूच म्हणाला, साहेब, दुसरं आहे का? मग नागेशभावजींनी त्यांचं दिलं आणि झालं. संपलं तिथंच."

"संपलं नाही," विरू म्हणाला. "साडू हसला."

"ते नेहमीच हसतात! त्यांचं तोंडच तसं आहे."

"त्याची लिमिट पाच लाख आहे अप्पा. बोलता बोलता मला ऐकवलं त्यानं."

"आणि आता पुढच्या आठवड्यात माझ्या भावाचं लग्न आहे," अंबिकेनं हातातली मेथी खाली ठेवली. "एकुलता एक भाऊ. तर हे म्हणतात, लिमिट वाढल्याशिवाय त्या लोकांत तोंड दाखवणार नाही. मी एकटीनं जायचं का, अप्पा? विचारतील सगळे. काय सांगू? बँकेची परवानगी आली नाही म्हणून?"

अप्पांनी आणखी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

"जेवण कसं होतं?"

विरूनं वर बघितलं. "कुठलं?"

"त्या हॉटेलातलं."

विरूनं आठवून बघितलं. "लक्षात नाही."

"फार छान होतं," अंबिका म्हणाली. "बाबांनी दोनदा गुलाबजाम मागून घेतला. आई नको नको म्हणत होती, तिच्या देखत."

"सत्तर वर्षांचा माणूस बायकोच्या देखत दोनदा गुलाबजाम घेतो," अप्पा म्हणाले, "आणि जावई मशीनकडे बघत बसतो."

"लग्नाला जा, विरू."

"आणि कार्ड?"

"त्याला आमंत्रण आहे का?"

विरू लग्नाला गेला. बार्शीला. कार्ड खरोखरच घरी ठेवलं. बसमध्ये दोनदा त्याचा हात खिशाकडे गेला, तेव्हा अंबिकेनं तो हात आपल्या हातात घेतला आणि बार्शी येईपर्यंत सोडला नाही.

मांडवाच्या दाराशीच नागेश उभा. हातात अक्षतांचं तबक, तोंडावर तेच हसू. विरूनं मान खाली घालून पुढे जायचा बेत केला. तेवढ्यात नागेशनं तबक दुसऱ्याच्या हातात दिलं आणि त्याला मिठीच मारली.

"आलास! मला वाटलं, रागावलास."

"कशाबद्दल?" विरूनं अवघडून विचारलं.

"अरे, त्या दिवशी माझं कार्ड चाललं म्हणून वाचलो बघ. मशीन फिरत होतं तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो. मागे एकदा पेट्रोल पंपावर असंच झालं. टाकी फुल्ल भरलेली, कार्ड चालेना, मागे गाड्यांची रांग. शेवटी तुझ्या मेव्हणीच्या पर्समधली चिल्लर मोजली. अजून टोमणे मारते ती."

"पण तुझी तर पाच लाख..."

"ती नंतर झाली. तेव्हा तुझ्याहून कमी होती."

दोघं इतक्या मोठ्यानं हसले की भटजींनी मंत्र थांबवून मागे बघितलं. वरातीत विरू नाचला. अंबिका सांगते, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच नाचला, आणि वाईट नाचला.

पुढे नवीन नोकरी सुरू झाली. कंपनी मशिनं विकायची आणि विरू ती बसवायला, दुरुस्त करायला गावोगाव जायचा. इचलकरंजी, मालेगाव, कधी थेट सुरत. तिकीट आणि लॉजचे पैसे आधी आपल्या कार्डावर टाकायचे, कंपनी महिनाभरानं परत द्यायची. जुनी बाकी त्यानं फेडली. नवीन बिल येईल ते तारखेच्या आत, पूर्ण. वाढलेल्या पगाराच्या स्लिपा जमल्या. एकदा सुरतेत मुक्काम लांबला तेव्हा कार्ड पुन्हा तळाला टेकलं. विरूनं ऑफिसला फोन केला, त्यांनी लॉजचे पैसे परस्पर पाठवले. ह्या वेळी त्याला लाज वाटली नाही. एवढंच कळलं, की आता खरंच कमी पडतंय.

तो मठात आला. अंबिकाही होती. सोमवार होता, मठात दासोह होता. येईल त्याला जेवण. पानं मांडायची गडबड चालली होती.

"शरणु, अप्पा."

"शरणु. बटन आणलंयस का?"

"आणलंय. पण कधी दाबायचं, ते विचारायला नाही आलो. आज दाबणार आहे."

अप्पांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मग?"

"अॅप आता विचारतं, किती पाहिजे." विरूनं डोकं खाजवलं. "आणि हे मात्र मला खरंच ठाऊक नाही, अप्पा."

अप्पांच्या भुवया वर गेल्या. इतक्या वर्षांत विरूनं असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

"लोक काय म्हणतात?"

"ऑफिसातले म्हणतात, भरपूर मागायचं. बँक कापेल काय कापायचं ते. नागेश म्हणतो, माझ्याएवढी कर, जोडीनं मिरवू. अंबिका म्हणते, दौऱ्याला जेवढं लागतं त्याच्या दुप्पट खूप झालं. मी आकडा टाकतो आणि पुसतो. टाकतो आणि पुसतो..."

अप्पा पंगतीकडे बघत उभे राहिले.

विरूनं त्याच दिवशी दुपारी, मठातून निघायच्या आधी, आकडा भरला. बँकेनं तो दोन दिवसांत, एकही प्रश्न न विचारता मंजूर केला. आकडा साडूच्या निम्म्यानंही नव्हता. नागेशला कळलं तेव्हा तो हसला, आणि ह्या वेळी विरूला ते हसू आवडलं.

पण तो आकडा ठरला कसा, ते सांगायचं राहिलं.

अप्पा म्हणाले, "बस. आधी जेव."

विरू पंगतीत बसला. पानावर भाकरी, मेथीची भाजी, शेंगाची चटणी, आमटी, भात. आणि हुग्गी. गव्हाची, गूळ घातलेली, वर तूप. विरूची अगदी आवडती.

अप्पा कधी स्वतः वाढत नसत. त्या दिवशी त्यांनी हुग्गीचं पातेलं उचललं आणि थेट विरूपुढे आले. एक पळी वाढली.

विरूनं मिटक्या मारत संपवली.

अप्पा पुन्हा आले. दुसरी पळी.

तीही संपली. अप्पा जणू वाटच बघत होते. तिसरी.

"अप्पा, ते किती मागायचं..."

"जेव."

विरू जेवला. सावकाश. शर्टाच्या शेवटच्या गुंडीला हात गेला. बायकांच्या पंगतीतून अंबिका मान उंच करून बघत होती.

अप्पा पुन्हा समोर. पळी काठोकाठ.

"घे."

"झालं, अप्पा."

"अरे, पातेलं भरलेलं आहे. कमी नाही इथं. घे."

"माहीत आहे, पण..."

"मोठ्या मनानं देतोय. घे."

पळी खाली येऊ लागली. विरू पुढे वाकला, दोन्ही हातांचे पंजे पसरून त्यानं अख्खं पान झाकून टाकलं.

"बास! बास, अप्पा! पुरे आता... खरंच पुरे!"

पंगत बघत होती. तुपाचा एक थेंब त्याच्या मनगटावर पडला.

अप्पांची पळी हवेतच थांबली. त्यांनी त्या पसरलेल्या पंजांकडे बघितलं, मग विरूकडे, मोठ्या नवलानं.

"अरे," ते म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?"